मासे मोजणारी विद्या

2019 साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 2 लाख 1 हजार टन मासळी उतरली. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या नोंदींप्रमाणे हा 45 वर्षांतला नीचांक होता आणि आदल्या वर्षीच्या तुलनेत घट जवळपास एक तृतीयांश होती. असा आकडा आला की जो तो आपल्याला सोयीचे कारण उचलतो. कोणी माशांचा थवाच घेरणारी जाळी टाकणाऱ्या पर्ससीनवाल्यांकडे बोट दाखवतो, कोणी परराज्यांतल्या ट्रॉलरकडे, कोणी तापत चाललेल्या समुद्राकडे. त्याच वर्षी ‘क्यार’ आणि ‘महा’ ही दोन चक्रीवादळे अरबी समुद्रात एकामागून एक आली आणि ऐन हंगामात बोटी बंदरात नांगरून पडल्या, हे मात्र चटकन कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणजे समुद्रातले मासे कमी झाले, की मासे धरायला जाण्याचे दिवस कमी झाले? हे दोन प्रश्न निराळे आहेत. पहिल्याचे उत्तर जाळ्यांवर निर्बंध घालणे हे असू शकते, दुसऱ्याचे उत्तर नुकसानभरपाई आणि विमा हे असू शकते. एकाचे औषध दुसऱ्याला दिले, तर मासाही वाचत नाही आणि मच्छीमारही.

हा फरक ओळखायला शिकवणे हे विद्यापीठात शिकवल्या जाणाऱ्या मत्स्यशास्त्राचे मुख्य काम आहे. आपल्याकडे या अभ्यासक्रमाची ओळख वेगळीच आहे. वैद्यकीयला नंबर लागला नाही, पशुवैद्यकीयही हुकले, मग ‘मत्स्य’ला प्रवेश घेतला, चार वर्षे तळ्यात मासे कसे वाढवायचे ते शिकायचे आणि पुढे सरकारी खात्याची जाहिरात निघण्याची वाट पाहायची. या समजुतीत थोडे तथ्य आहे, पण ती अपुरी आहे. मत्स्यसंवर्धन हा या विद्येचा एक भाग झाला. तिचा गाभा डोळ्यांना न दिसणाऱ्या आणि कोणा एकाच्या मालकीच्या नसलेल्या संपत्तीचा हिशेब ठेवण्यात आहे. पदवीधरांना काम मिळत नाही याचे कारणही मला इथेच दिसते: ज्यांना या हिशेबाची गरज आहे, त्यांनी तो ठेवणारा माणूस अजून नेमलेलाच नाही.

मासे मोजतात कसे, ते आधी पाहू. देशाच्या किनाऱ्यावर मासळी उतरवण्याची सुमारे तेराशे ठिकाणे आहेत. त्या प्रत्येक ठिकाणी रोज माणूस उभा करणे शक्य नसते. म्हणून ठिकाणे, दिवस आणि बोटी यांची नमुना निवड ठरलेल्या संख्याशास्त्रीय पद्धतीने केली जाते. निवडलेल्या दिवशी निरीक्षक बंदरावर जातो आणि कुठली बोट कुठल्या जाळ्याने किती तास मासेमारी करून आली, कुठल्या जातीचे किती मासे उतरले, त्यांची लांबी किती, हे टिपून घेतो. यात तासांची नोंद फार मोलाची असते. मासळीचा नुसता एकूण आकडा फसवा असतो. दहा बोटींनी शंभर टोपल्या आणल्या आणि पुढच्या वर्षी वीस बोटींनी तेवढ्याच शंभर टोपल्या आणल्या, तर आवक ‘स्थिर’ आहे असे वर्तमानपत्र म्हणेल. मत्स्यशास्त्रज्ञ म्हणेल की दर बोटीमागची मासळी निम्म्यावर आली. प्रयत्नाच्या प्रमाणात उत्पन्न किती, हा या शास्त्रातला पहिला धडा.

दुसरा धडा वयाचा. थंड समुद्रातल्या माशाच्या कानात जे चुनखडीचे खडे असतात, त्यांवर झाडाच्या खोडासारखी वर्षागणिक वलये उमटतात आणि ती मोजून वय सांगता येते. आपल्या उष्ण समुद्रात उन्हाळा-हिवाळ्याचा फरक तेवढा तीव्र नसल्याने ही वार्षिक वलये बहुधा अस्पष्ट राहतात. म्हणून इथे दुसरी वाट धरावी लागते. महिन्यामागून महिना हजारो माशांच्या लांबीच्या नोंदी घेतल्या की आलेखावर उंचवटे दिसू लागतात. एका हंगामात जन्मलेल्या पिल्लांचा एक उंचवटा, आधीच्या हंगामातल्यांचा दुसरा. हे उंचवटे पुढे सरकण्याच्या वेगावरून मासा कसा वाढतो ते कळते, आणि ते खुजे होत जाण्याच्या वेगावरून किती मासे मरतात ते कळते. त्या मरणातला आपल्या जाळ्यांचा वाटा किती आणि निसर्गाचा किती, हे वेगळे केले की धोरणाची भाषा बोलता येते. माशांची संख्या तुडुंब असेल तेव्हा अन्न आणि जागा अपुरी पडून वाढ थबकते, आणि फार विरळ असेल तेव्हा वीण करायला आईबापच उरत नाहीत. या दोहोंच्या मधे कुठेतरी असा टप्पा असतो की जिथे दरवर्षी जास्तीत जास्त मासे काढूनही साठा टिकतो. तो टप्पा शोधायला गणित लागते, जीवशास्त्र लागते आणि बंदरावरच्या चिखलात उभे राहण्याची तयारीही लागते. प्राणिशास्त्राची पदवी आणि मत्स्यशास्त्राची पदवी यांच्यातला खरा फरक इथे आहे. प्राणिशास्त्र माशाचा अभ्यास करते. मत्स्यशास्त्र मासा, जाळे, माणूस आणि बाजार या चौघांचा एकत्र अभ्यास करते.

या हिशेबातून निघणारे निर्णय अगदी व्यवहारी असतात. महाराष्ट्राने 2023 मध्ये पापलेटला राज्यमासा घोषित केले आणि त्याच वर्षी पन्नासहून अधिक जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटसाठी ती 135 मिलिमीटर आहे. हा आकडा कोणा अधिकाऱ्याच्या मनात आला म्हणून ठरलेला नाही. मादी किती लांबीची झाली की पहिल्यांदा अंडी धरते, याच्या नोंदी मासे चिरून, अंडाशय तपासून वर्षानुवर्षे ठेवल्या गेल्या. त्यांवर तो उभा आहे. शिंगाळ्याचे उदाहरण याहून बोलके आहे. या माशाचा नर फलित अंडी तोंडात धरून ठेवतो आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत जवळजवळ उपाशी राहतो. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळी आली, तेव्हा तोंडात अंडी धरलेल्या नरांचे थवेच्या थवे त्यांत सापडले. मासा आणि त्याची पुढची पिढी एकाच ओढीत संपत होती. शास्त्रज्ञांनी ते तेव्हाच लिहून ठेवले होते. शिंगाळ्याचे पुढे काय झाले ते बाजारात जाणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकाला विचारावे.

मोजणारे चुकत नाहीत असे मात्र नाही, आणि हा आक्षेप टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाभोवतीचा कॉड माशाचा साठा हा जगातल्या सर्वांत काटेकोर शास्त्रीय देखरेखीखालच्या साठ्यांपैकी एक मानला जाई. तरी तो ढासळला आणि 2 जुलै 1992 रोजी सरकारला ती मासेमारी बंद करावी लागली. हजारो लोकांचा रोजगार एका दिवसात गेला. चुकीच्या मुळाशी एक गृहीतक होते. मोठ्या ट्रॉलरना मासे भरपूर मिळत आहेत, म्हणजे समुद्रात मासे भरपूर आहेत, असे धरले गेले. प्रत्यक्षात उरलेसुरले कॉड एकत्र जमत होते आणि सुधारलेल्या यंत्रांमुळे ट्रॉलर नेमके तिथेच पोचत होते. किनाऱ्यालगत छोट्या होड्यांतून मासेमारी करणारे लोक मासा कमी झाल्याचे आधीपासून सांगत होते, त्यांचे म्हणणे हिशेबात धरले गेले नाही. आज मत्स्यशास्त्राच्या वर्गात हे प्रकरण शिकवले जाते. आपली चूक अभ्यासक्रमात घालणारी विद्या मला अधिक विश्वासार्ह वाटते.

याच्या उलट उदाहरण तारलीचे. केरळात 2012 साली तारलीची आवक चार लाख टनांच्या घरात होती. 2021 मध्ये ती अवघी 3,297 टन उरली. ही पडझड फक्त जाळ्यांमुळे झालेली नाही, एल निनोसारख्या समुद्राच्या तापमानातल्या उलथापालथींशी तिचा संबंध आहे, असे संशोधकांनी दाखवले. पण असा वाईट काळ सुरू असताना उरलेल्या माशांवर ताण वाढवू नये, हेही त्यांनीच सांगितले. निसर्ग आणि माणूस यांच्यात दोष वाटून देणारा असा जमाखर्च नसता, तर वादाला अंतच राहिला नसता.

आता संवर्धनाकडे वळू. त्याचे महत्त्व मी कमी लेखत नाही. 2022-23 मध्ये भारतात 175 लाख टन मासळीचे उत्पादन झाले. त्यातले 131 लाख टन नद्या, तळी, जलाशय आणि निमखारे पाणी यांतून आले, समुद्रातून फक्त 44 लाख टन. म्हणजे देशातले दर चार माशांपैकी तीन समुद्रातले नाहीत. हा बदल ज्या शोधाने घडवला त्याची तारीख निश्चित आहे: 10 जुलै 1957. रोहू, कटला, मृगळ हे आपले मोठे मासे तळ्यात वाढतात, पण तळ्यात वीण करत नाहीत. त्यांना पावसाळी पुराचे वाहते पाणी लागते. त्यामुळे मत्स्यशेती करणाऱ्याला नदीतून जिरे, म्हणजे अंड्यांतून नुकतीच निघालेली पिल्ले, गोळा करावे लागत आणि त्यात नको त्या माशांची पिल्लेही सर्रास येत. ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूतल्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची वीण बंदिस्त पाण्यात घडवून आणली. तो दिवस आज देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. पुढे तयार संप्रेरके बाजारात आली, गोल हॅचरी आली, आणि भुवनेश्वरच्या संस्थेने नॉर्वेच्या सहकार्याने निवड पद्धतीने घडवलेला ‘जयंती रोहू’ 1997 मध्ये आला. त्याची वाढ दर पिढीला सुमारे 17 टक्क्यांनी सुधारत गेली. आपल्या रायगडच्या खारेपाटात जिताडा तळ्यात वाढवण्याची पद्धत जुनी आहे, पण पिल्ले खाडीतून मिळतील तेवढीच. 1997 मध्येच चेन्नईच्या निमखारे जलसंवर्धन संस्थेने जिताड्याची वीण बंदिस्त पाण्यात साधली आणि ही मर्यादा निदान तत्त्वतः संपली. तत्त्वतः म्हणायचे कारण पुढे येईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: समुद्राची वाट लावायला शास्त्रच कारणीभूत नाही का? ट्रॉलर कोळ्यांनी शोधला नव्हता. 1952 च्या भारत-नॉर्वे करारातून केरळात सुरू झालेला प्रकल्प मच्छीमारांचे जीवनमान सुधारण्यासाठी होता. काही वर्षांतच त्याचा भर यांत्रिक बोटी आणि निर्यातीच्या कोळंबीवर गेला, आणि तळ खरवडणारी जाळी किनाऱ्यावर पसरली. कोळंबी शेतीचे तेच झाले. 1990 नंतर आंध्र आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावर वाघ कोळंबीची तळी बेसुमार खणली गेली, भातजमिनी खारावल्या, आणि 1994-95 मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने तळीच्या तळी रिकामी केली. 11 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एस. जगन्नाथ खटल्यात किनारा नियंत्रण क्षेत्रातली अशी तळी काढून टाकण्याचा आदेश दिला. हा आक्षेप मला मान्य आहे, पण अर्धाच. जाळे मोठे करणारे तंत्र आले आणि किती जाळी पुरे हे सांगणारे शास्त्र मागे राहिले, असे ते घडले. ते शास्त्र जिथे वेळेवर पुढे आले, तिथे निकाल वेगळा लागला. केरळात पावसाळी ट्रॉलिंगबंदी 1988 पासून लागू झाली, ती बाळकृष्णन नायर समितीच्या अभ्यासानंतर. कोळंबी शेतीही पुढे सावरली. 2005 मध्ये किनारी जलसंवर्धन प्राधिकरणाचा कायदा आला. 2009 पासून व्हेनामी जातीला परवानगी मिळाली, तीही परदेशातून येणारी नर-मादी विशिष्ट रोगांपासून मुक्त असल्याची खात्री करून आणि चेन्नईच्या विलगीकरण केंद्रात ठेवून मगच. रोगाचे सावट गेलेले नाही. आता कोळंबीची वाढ खुंटवणारा एक सूक्ष्म परजीवी हैराण करतो आहे. पण 2023-24 मध्ये भारताने 60 हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीची मासळी निर्यात केली, आणि त्यातला सुमारे दोन तृतीयांश वाटा गोठवलेल्या कोळंबीचा होता. ही इमारत प्रयोगशाळांवर उभी आहे.

तिसरा आक्षेप आपल्याकडे बंदराबंदरांवर ऐकू येतो. पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर जाणाऱ्या तांडेलाला कॉलेजातला पोरगा काय शिकवणार? पाण्याचा रंग, भरती-ओहोटी, वारा, तळाचा चिखल की खडक, हे ज्याला श्वासासारखे कळते, त्याला पुस्तकी ज्ञानाची गरज काय? शिकवणार काहीच नाही, हे या आक्षेपाचे प्रामाणिक उत्तर. तांडेलाचे ज्ञान स्थळाचे असते, आणि त्या स्थळाबाबत ते बहुधा शास्त्रज्ञापेक्षा सरस असते. त्याला दिसत नाही ती बेरीज: गुजरातपासून केरळपर्यंत त्याच माशाच्या मागे आणखी किती बोटी आहेत, आणि त्याच्या आजोबांच्या काळी तो मासा किती होता. दर पिढी आपण पाहिलेला पहिला समुद्र ‘नेहमीचा’ धरून चालते, त्यामुळे हळूहळू होणारी घट कोणालाच पूर्ण दिसत नाही. शिवाय ही बेरीज पारंपरिक मच्छीमाराच्या विरोधात जाते असेही नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या रापणकारांनी आणि गिलनेटवाल्यांनी पर्ससीनविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठवला. त्या आवाजाला वजन आले ते डॉ. व्ही. एस. सोमवंशी समितीच्या 2012 च्या अहवालाने, आणि फेब्रुवारी 2016 मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश काढला. त्याची अंमलबजावणी किती झाली हा वेगळा आणि कडू विषय आहे. पण न्यायालयात आणि मंत्रालयात गाऱ्हाणे नुसते सांगून चालत नाही, ते मोजून दाखवावे लागते. विदर्भात भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर पारंपरिक मासेमारी करणारा ढीवर समाज आणि निसर्ग अभ्यासकांनी मिळून जे काम केले, त्यात तर दोन्ही ज्ञाने एकत्र आली. कुठल्या पाणवनस्पतीच्या आडोशाला कुठला देशी मासा अंडी घालतो हे ढीवरांना माहीत होते. त्या वनस्पती पुन्हा लावून परिणामांची नोंद ठेवणे ही पद्धत शास्त्राची.

मग शिकायचे कुठे आणि पुढे काय? महाराष्ट्रात चार वर्षांची बी.एफ.एस्सी. ही पदवी मुख्यतः तीन शासकीय महाविद्यालयांत मिळते: रत्नागिरीजवळ शिरगावला 1981 पासून, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाखाली, आणि नागपूर व उदगीर इथे, महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली. देशातले पहिले मत्स्य महाविद्यालय 1969 मध्ये मंगळूरला निघाले होते, म्हणजे ही शाखा भारतात तशी तरुणच आहे. बारावीला जीवशास्त्र लागते आणि राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून जागा भरतात. अभ्यासक्रमात संवर्धन, साठ्यांचे व्यवस्थापन, जलपर्यावरण, प्रक्रिया तंत्रज्ञान, जाळी व नौका, विस्तार आणि अर्थशास्त्र असे विभाग असतात, आणि शेवटच्या वर्षाचा मोठा भाग प्रत्यक्ष गावात, हॅचरीत किंवा कारखान्यात जातो. पदव्युत्तर शिक्षणासाठी मराठी मुलांच्या दारातच देशातली या विषयातली अग्रगण्य संस्था आहे. मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था 1961 मध्ये स्थापन झाली आणि 1989 पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. तिथे अखिल भारतीय परीक्षेतून जावे लागते, आणि वर्गात बिहार, ओडिशा, बंगाल, आसामची मुले मोठ्या संख्येने असतात. वर्सोव्यात असून मराठी मुलांना ती पुरेशी ठाऊक नसावी, याचे नवल वाटते.

नोकऱ्यांबद्दल गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागात सहायक मत्स्यव्यवसाय विकास अधिकाऱ्यापासून वरची पदे आहेत, पण ती मोजकी आहेत आणि भरती सलग होत नाही. काही पदांना प्राणिशास्त्राचे पदवीधरही पात्र धरले जातात, हे या विद्यार्थ्यांचे जुने गाऱ्हाणे आहे. बँकांतल्या कृषी क्षेत्र अधिकाऱ्याच्या परीक्षेला ही पदवी चालते. नाबार्ड, कृषी विज्ञान केंद्रे, सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण, मुंबईत मुख्यालय असलेले भारतीय मात्स्यिकी सर्वेक्षण हे रस्ते आहेत. संशोधनात जायचे तर पदव्युत्तर पदवी, मग राष्ट्रीय पात्रता परीक्षा, मग कृषी संशोधन सेवा, असा लांबचा पल्ला आहे. खासगी क्षेत्रात जागा अधिक, पण सुरुवात खडतर. कोळंबीच्या तळ्यावरचा तंत्रज्ञ पहाटे तीन-चारला उठतो, कारण रात्रभर सगळे जीव प्राणवायू वापरत राहिल्याने सूर्योदयाआधी पाण्यात तो सर्वांत कमी असतो, आणि नेमकी तेव्हाच हवा घालणारी यंत्रे बंद पडली तर सकाळी तळे पांढरे होते. हे काम बहुतांशी आंध्रच्या किनाऱ्यावर आहे. भाषा, जेवण, एकटेपणा सगळे सोसावे लागते, आणि मुलींना तर राहण्याच्या सोयीपासून अडचणी येतात. प्रक्रिया कारखान्यांतल्या गुणवत्ता प्रयोगशाळा त्या मानाने सुकर. 1997 मध्ये युरोपीय संघाने स्वच्छतेच्या कारणावरून भारतीय मासळी काही महिने रोखली होती. त्या दणक्यानंतर कारखान्यांना पात्र तंत्रज्ञ आणि कडक तपासणी यांशिवाय गत्यंतर उरले नाही. धोका हा की निर्यातीवर बेतलेली नोकरी परदेशी बाजाराच्या लहरीवर हलते. 2025 मध्ये अमेरिकेने आयातशुल्क वाढवले तेव्हा कोळंबीच्या तळ्यापर्यंत त्याची झळ पोचली.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग या पदवीला मागणीच नाही. मला हे पटत नाही. गरज आणि मागणी यांत फरक आहे, आणि महाराष्ट्रात गरज ढळढळीत दिसते. देशात सर्वाधिक मोठी धरणे आपल्या राज्यात आहेत, हजारो मामा तलाव पूर्व विदर्भात आहेत, शेततळी गावोगाव खणली गेली आहेत; तरी आपल्या बाजारात आंध्रहून बर्फात येणारा रोहू-कटला खपतो. जलाशय सहकारी संस्थेला ठेक्याने दिला जातो, संस्था मत्स्यबीज सोडते, पण कोणत्या आकाराचे, किती, कुठल्या महिन्यात, याचा निर्णय बहुधा मिळेल त्या दरावर होतो. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, वाढवून न सोडता जिरेच सोडले, तर ते पाण्यातल्या खादाड माशांच्या पोटात जाते आणि कागदावर ‘बीज सोडले’ अशी नोंद राहते. उजनीत देशी माशांची जागा चिलापीने व्यापली; ती आज भिगवणच्या खानावळींचे आकर्षण आहे हे खरे, पण परक्या माशाने एका जलाशयाचे स्वरूप कसे पालटले याचा तो धडाही आहे. जिताड्याचे बीज तत्त्वतः मिळू शकते म्हटले ते याचसाठी. वीण साधणे हे प्रयोगशाळेचे काम झाले. ती पिल्ले खारेपाटातल्या शेतकऱ्याच्या तळ्यापर्यंत दरवर्षी, वेळेवर, परवडणाऱ्या दरात पोचवणे हे मधल्या माणसांचे काम आहे, आणि ती माणसेच नाहीत.

मासळी पकडल्यानंतरचा प्रवास तर जवळजवळ बेवारस आहे. 2018 मध्ये गोव्यात परराज्यांतून येणाऱ्या माशांत फॉर्मेलिन असल्याच्या संशयाने केवढा गदारोळ झाला. मासे हे ज्या राज्याचे रोजचे जेवण, तिथल्या लोकांनी काही काळ ते ताटातून काढले. कोचीच्या मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने त्याच वर्षी फॉर्मेलिन आणि अमोनिया ओळखणाऱ्या साध्या कागदी पट्ट्या उपलब्ध केल्या होत्या. साधन होते, ते रोज वापरणारा माणूस मंडईत नव्हता. बोटीवर माशाइतकाच बर्फ भरावा, पेट्या स्वच्छ असाव्यात, लिलावाच्या जागी मासा जमिनीवर लोळू नये, हे काही गहन विज्ञान नाही. पण ते घडवून आणायला बंदरावर जबाबदार आणि जाणकार व्यक्ती लागते. एवढ्यानेही मासळी टिकेल, कोळणीला भाव मिळेल, आणि तेवढेच उत्पन्न कमी मासे मारून हाती येईल.

पैसा नाही म्हणून हे होत नाही, असेही आता म्हणता येणार नाही. 2019 मध्ये केंद्रात मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसायाचे स्वतंत्र मंत्रालय झाले, 2020 मध्ये 20,050 कोटी रुपयांची प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आली, आणि एप्रिल 2025 मध्ये महाराष्ट्राने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. या योजनांचा बराच पैसा वास्तूंवर आणि यंत्रांवर जातो: बोटी, पिंजरे, बर्फाचे कारखाने, शीतवाहने. माणसावर खर्च कमी होतो. शेतीला गावपातळीवर कृषी सहायक असतो; मासेमारीला कृषीचा दर्जा दिला तर तिला तसा माणूस का नसावा? मोठ्या मच्छीमार सहकारी संस्थांना डिझेलच्या परताव्याचा हिशेब ठेवायला कारकून परवडतो, मासळीचा हिशेब ठेवायला पदवीधर का परवडू नये? जलाशयाच्या ठेक्याच्या अटींत पात्र तंत्रज्ञ नेमण्याची एक अट घातली, महापालिकांच्या मासळी बाजारांत एक गुणवत्ता निरीक्षक नेमला, तर या तीन महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणारी मुले अपुरी पडतील.

केरळात 2010 पासून आणि तामिळनाडूत 2012 पासून स्वतंत्र मात्स्यिकी विद्यापीठे आहेत. कोकणातही तसे असावे, अशी मागणी होत असते. मागणी वाईट नाही. पण पदे न वाढवता विद्यापीठ वाढवले, तर पदव्या वाढतील आणि जाहिरातीची वाट पाहणारे वाढतील. आधी बंदर, जलाशय आणि बाजार या तीन ठिकाणी माणसे नेमावीत; विद्यापीठाची घाई नंतर करावी. आणि ज्यांच्या घरात प्रवेश अर्ज भरायचे आहेत त्यांनी एवढेच पाहावे: मुलाला संख्यांचा कंटाळा नसेल, चिखलाची किळस नसेल आणि चार वर्षांनी घरापासून लांब राहण्याची तयारी असेल, तर ‘मत्स्य’चा पर्याय यादीत शेवटी लिहू नये.